उच्च माध्यमिक व व्यवसाय शिक्षणसंस्था, सातारा व सांगली जिल्ह्यांतील

माध्यमिक शालान्त परीक्षेनंतर आणि पदवी अभ्यासक्रमापूर्वी येणाऱ्या दोन-तीन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या संस्था. महाराष्ट्रात या टप्प्यावर मुख्यतः चार प्रकारच्या संस्था आढळतात : पदवी महाविद्यालयाला जोडलेले कनिष्ठ महाविद्यालय, माध्यमिक शाळेला जोडलेली उच्च माध्यमिक शाळा, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रनिकेतन. पहिल्या दोन संस्थांमधून प्रामुख्याने कला, वाणिज्य व विज्ञान या शाखांचे सामान्य शिक्षण मिळते, तर शेवटच्या दोन संस्था व्यवसायाचे व तंत्राचे शिक्षण देतात. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे मूळच्या एकाच सातारा जिल्ह्यातून व त्याला लागून असलेल्या संस्थानी मुलखातून घडले. त्यांची भाषा, शेती व सामाजिक घडण बहुतांशी सारखी असूनही त्यांच्या शिक्षणसंस्थांच्या परंपरा मात्र भिन्न आहेत. त्यामुळे शिक्षणाच्या या मधल्या टप्प्याच्या तुलनात्मक अभ्यासास हा प्रदेश विशेष उपयुक्त ठरतो.

प्रदेश व पूर्वपीठिका : ब्रिटिश अमदानीत या प्रदेशात खालसा सातारा जिल्ह्याबरोबरच औंध, फलटण, सांगली, थोरली व धाकटी मिरज, जत इ. संस्थाने होती. १९४८ मध्ये ती मुंबई राज्यात विलीन झाली. १९४९ मध्ये जुन्या जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग करण्यात आले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ व सांगली जिल्ह्याची २८,२२,१४३ होती. साक्षरतेचे प्रमाण अनुक्रमे सु. ८३ टक्के व ८१ टक्के होते. दोन्ही जिल्ह्यांत कृष्णाकाठचा सधन बागायती पट्टा आणि पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्टा असे दोन ठळक भाग पडतात. वाळवा, मिरज, कराड हे तालुके पहिल्या पट्ट्यात, तर माण, खटाव, आटपाडी व जत हे दुसऱ्या पट्ट्यात मोडतात. पश्चिमेस पाटण, जावळी, महाबळेश्वर व शिराळा हा डोंगरी भाग आहे. शिक्षणसंस्थांच्या वाटणीवर जिल्ह्याच्या सीमेपेक्षा या नैसर्गिक विभागणीचा प्रभाव अधिक दिसून येतो.

दोन परंपरा : सांगलीतील उच्च शिक्षणाचा प्रारंभ महाविद्यालयापासून झाला. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ मध्ये सांगली व मिरज यांच्या दरम्यान विश्रामबाग येथे विलिंग्डन महाविद्यालय स्थापन केले. दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक या दोन्ही भागांतील विद्यार्थी तेथे येत. त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा तंत्रशिक्षणाचा होता. १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांच्या पुढाकाराने सांगलीस न्यू एंजिनिअरिंग कॉलेज निघाले. १९५५ मध्ये त्यास उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे नाव देण्यात आले. या महाविद्यालयात पदवीबरोबरच पदविकेचे वर्गही चालत आले आहेत. जिल्ह्यातच १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीमुळे यंत्रकामाची ओळख या भागास आधीच झालेली होती. सारांश, सांगलीत महाविद्यालय व कारखाना यांभोवती शालेयोत्तर शिक्षण वाढले.

साताऱ्यातील परंपरेचा उगम वसतिगृहात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांचे घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. सांगली परिसरातील दुधगाव येथे १९१० च्या सुमारास त्यांनी सहकाऱ्यांसह विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यास हलविण्यात आले व त्याच वर्षी निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह तेथे सुरू झाले. त्याच्या छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस या नावाचा समारंभ १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाला. पुढे १९३५ मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण विद्यालय, १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि १९५४ मध्ये कराडचे सद्‌गुरू गाडगे महाराज महाविद्यालय अशी क्रमाने वाढ झाली. विद्यार्थ्याने शेतात, बांधकामावर वा संस्थेच्या अन्य कामांत श्रम करून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवावा, ही ‘कमवा व शिका’ योजना या संस्थांचा पाया होती. दगड फोडणे, विहीर खणणे किंवा मळ्यात राबणे ही कामे अभ्यासक्रमाचा भाग नव्हती. तथापि हाताचे काम व पुस्तकी विद्या यांत उच्चनीच भाव नाही, हा संस्कार त्यांतून होत असे.

विलिंग्डनची परंपरा आणि रयतची परंपरा यांत असा मूलभूत फरक आहे. विलिंग्डनमध्ये विद्यार्थी महाविद्यालयाच्या दारी येई. रयतच्या बाबतीत शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्याचे गाव गाठले. मात्र या दोन परंपरा जिल्ह्यांच्या सीमेत बंदिस्त राहिल्या नाहीत. विट्याचे बळवंत महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचे आहे. पाटण तालुक्यातील बापूजी साळुंखे यांनी स्थापन केलेल्या कोल्हापूरच्या स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेने एकीकडे साताऱ्यास लालबहादूर शास्त्री महाविद्यालय, तर दुसरीकडे जत येथे राजे रामराव महाविद्यालय चालविले. याशिवाय फलटण एज्युकेशन सोसायटीचे मुधोजी महाविद्यालय (१९५७), वाईच्या जनता शिक्षण संस्थेचे किसन वीर महाविद्यालय, सांगलीतील लठ्ठे एज्युकेशन सोसायटीचे कस्तुरबाई वालचंद महाविद्यालय, राजारामबापू पाटील यांच्या प्रेरणेने वाढलेली कासेगाव शिक्षण संस्था अशा स्थानिक संस्थांनी तालुक्याच्या गावी उच्च शिक्षण नेले. सहकारी साखर कारखान्यांच्या उदयानंतर शिक्षणसंस्था काढणे हा ग्रामीण नेतृत्वाच्या कार्याचा एक भागच होऊन बसला.

आकृतिबंधातील बदल : जुन्या पद्धतीत अकरा वर्षांच्या शालेय शिक्षणानंतर शालान्त परीक्षा होई व तीत उत्तीर्ण झालेला विद्यार्थी थेट महाविद्यालयाच्या पूर्वपदवी वर्गात जाई. तो वर्ग विद्यापीठाच्या अखत्यारीत असे. हा प्रदेश प्रथम मुंबई, मग पुणे आणि १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर यांच्या कक्षेत आला. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) दहा वर्षांचे शालेय, दोन वर्षांचे उच्च माध्यमिक व तीन वर्षांचे पदवी शिक्षण असा आकृतिबंध सुचविला. मधली दोन वर्षे हा शालेय शिक्षणाचाच भाग असावा आणि १९८६ पर्यंत या टप्प्यावरील निम्मे विद्यार्थी व्यवसाय शिक्षणाकडे वळावेत, अशी आयोगाची अपेक्षा होती.

महाराष्ट्रात या आकृतिबंधानुसार इयत्ता दहावीची पहिली शालान्त परीक्षा मार्च १९७५ मध्ये झाली व त्या पाठोपाठ अकरावी-बारावीचे वर्ग उघडले. ते कोठे भरवावयाचे हा प्रश्न होता. पूर्वपदवीचे वर्ग गेल्यामुळे महाविद्यालयांच्या इमारती, प्रयोगशाळा व प्राध्यापक मोकळे पडणार होते. याउलट शाळांना हे वर्ग म्हणजे बढतीची संधी वाटत होती. शासनाने दोन्ही पर्याय खुले ठेवले. परिणामी एकाच परीक्षेसाठी एकच अभ्यासक्रम शिकविणाऱ्या दोन वेगळ्या संस्था निर्माण झाल्या. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राज्य माध्यमिक शिक्षण मंडळाच्या नावात पुढे ‘उच्च माध्यमिक’ या शब्दांची भर पडली. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे या मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतात.

कनिष्ठ महाविद्यालय व उच्च माध्यमिक शाळा : सातारा, कराड, सांगली, मिरज या शहरांत व बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी अकरावी-बारावीचे वर्ग प्रामुख्याने पदवी महाविद्यालयांत राहिले. लहान गावांत ते हायस्कुलांना जोडण्यात आले. महाविद्यालयात विज्ञान शाखेसाठी सुसज्ज प्रयोगशाळा व ग्रंथालय उपलब्ध असते. विद्यार्थ्यास वावरण्याची मोकळीक असते. दहावी संपवून आलेल्या सोळा वर्षांच्या ग्रामीण मुलास ही मोकळीक नेहमीच मानवते असे नाही. शाळेत हजेरी, गृहपाठ व पालकांशी संपर्क यांवर भर असतो; शिक्षक विद्यार्थ्यास पाचवीपासून ओळखत असतात. परंतु साधनांच्या अभावी अशा शाळांतून पुष्कळदा केवळ कला शाखाच निघते. त्यामुळे डोंगरी वा दुष्काळी भागातील मुलाची शाखा त्याच्या आवडीपेक्षा गावात काय उपलब्ध आहे यावर ठरते.

मुलींच्या बाबतीत गावच्या उच्च माध्यमिक शाळेचे महत्त्व विशेष आहे. दहावीनंतर मुलीस एस. टी. बसने परगावी धाडण्यास अनेक कुटुंबे राजी नसत. वर्ग गावातच भरू लागल्याने आणि राज्य शासनाने १९८० नंतरच्या दशकात मुलींचे बारावीपर्यंतचे शिक्षण निःशुल्क केल्याने त्यांच्या शिक्षणाची दोन वर्षे वाढली. या दोन वर्षांनी विवाहाचे वयही काही अंशी पुढे गेले. साधनांच्या दृष्टीने उणी असलेली ही शाळा सामाजिक परिणामांच्या दृष्टीने म्हणूनच दुय्यम ठरत नाही.

सेवाशर्तींच्या बाबतीत दोन्ही प्रकारच्या संस्था कागदोपत्री समान आहेत. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम व त्याखालील १९८१ ची नियमावली दोन्हींकडील शिक्षकांना लागू आहे. पदव्युत्तर पदवीबरोबर शिक्षणशास्त्राची पदवी ही अर्हता दोन्हींकडे लागते. तथापि महाविद्यालयाच्या आवारात शिकविणाऱ्या कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकाची स्थिती चमत्कारिक असते. त्याच्या शेजारच्या खोलीतील प्राध्यापकास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेणी मिळतात व त्याच्या सेवेचे नियमन विद्यापीठ कायद्यानुसार होते. कनिष्ठ विभागाचा शिक्षक मात्र शिक्षण उपसंचालकांच्या अखत्यारीत असतो. प्राचार्य एकच, पण नियम दोन, अशी ही व्यवस्था आहे. वेतनश्रेणी व कार्यभार यांसंबंधी कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांनी वेळोवेळी केलेल्या आंदोलनांच्या व उत्तरपत्रिका तपासणीवरील बहिष्कारांच्या मुळाशी ही विषमता होती. २००१ नंतर नव्या संस्थांना कायम विनाअनुदान तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आल्याने अनुदानित व विनाअनुदानित असा आणखी एक भेद निर्माण झाला. पुढे ‘कायम’ हा शब्द वगळण्यात आला. तरी अनुदानाचे टप्पे दीर्घकाळ रेंगाळल्यामुळे अनेक शिक्षकांच्या सेवेची उमेदीची वर्षे अल्प वेतनावर वा वेतनाविना गेली.

व्यवसाय व तंत्रशिक्षण : केंद्र शासनाने १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली व १९५६ मध्ये संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे सोपविला. त्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे विणले गेले व कालांतराने ते तालुक्यांपर्यंत पोहोचले. जोडारी (फिटर), कातारी (टर्नर), संधाता (वेल्डर), वीजतंत्री व तारतंत्री हे तेथील रूढ व्यवसाय होत. एक वा दोन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये कारखान्यात उमेदवारी करता येते. सांगली, मिरज, सातारा व कराड येथील औद्योगिक वसाहती, साखर कारखाने आणि किर्लोस्करवाडी येथे अशा कारागिरांना काम मिळे. उरलेले पुणे, पिंपरी-चिंचवड व मुंबईची वाट धरीत. तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका हा त्याहून वरचा मार्ग असून कराड व मिरज येथील शासकीय तंत्रनिकेतने या दृष्टीने उल्लेखनीय आहेत. वसंतदादा पाटील यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात १९८३ मध्ये राज्याने खाजगी विनाअनुदानित तंत्रशिक्षणास मुभा दिली. साखराळे येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी त्याच वर्षी निघाली. अभियांत्रिकीच्या जागा यामुळे पुष्कळ वाढल्या; परंतु पदविकेचा दर्जा समाजाच्या नजरेत उतरला व प्रशिक्षित कारागिराचा त्याहूनही खाली गेला.

सामान्य शिक्षण व व्यवसाय शिक्षण यांतील दरी सांधण्याचे प्रयत्न उच्च माध्यमिक स्तरावरच झाले. द्विलक्षी अभ्यासक्रमात विद्यार्थी दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय यांच्या जागी २०० गुणांचा व्यवसाय विषय घेतो व पदवीचा मार्गही मोकळा ठेवतो. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८८-८९ पासून किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाले. त्यांत दोन भाषा व सामान्य पायाभूत विषय यांच्या जोडीला तीन व्यवसाय विषय आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांचा समावेश होता. १९९५ पर्यंत उच्च माध्यमिक स्तरावरील २५ टक्के विद्यार्थी व्यवसाय शिक्षणाकडे वळविण्याचे १९८६ च्या धोरणाचे उद्दिष्ट होते. ते साधले नाही व १९९२ च्या सुधारित धोरणात त्याची मुदत २००० पर्यंत वाढवावी लागली. कोठारी आयोगाची निम्म्या विद्यार्थ्यांची अपेक्षा तर दूरच राहिली.

या अपयशाची कारणे दोन्ही जिल्ह्यांत सारखीच आढळतात. द्विलक्षी विषय घेणारे बरेच विद्यार्थी कौशल्यापेक्षा अधिक गुण मिळविण्याच्या हेतूने तो घेत. अन्य व्यवसाय अभ्यासक्रमांकडे दहावीस कमी गुण मिळालेले विद्यार्थी वळविले जात. यंत्रसामग्री जुनी होत गेली व निदेशक अल्प मानधनावर राहिले. प्रशासनही विभागलेले होते : कनिष्ठ महाविद्यालयांच्या परीक्षा व मान्यतेसाठी कोल्हापूरकडे, तर व्यवसाय व तंत्रशिक्षणासाठी पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयांकडे पाहावे लागे. एकाच गावातील शाळेची प्रयोगशाळा व औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची कार्यशाळा यांचा परस्परांना उपयोग व्हावा अशी व्यवस्था निर्माण झाली नाही.

परदेशातील तुलना : हा प्रश्न केवळ या प्रदेशापुरता नाही. इंग्लंडमध्ये सोळा ते अठरा वर्षे वयोगटासाठी सिक्स्थ फॉर्म कॉलेज व फर्दर एज्युकेशन कॉलेज अशा दोन प्रकारच्या संस्था आहेत. पहिलीत मुख्यतः विद्यापीठ प्रवेशाची तयारी होते, तर दुसरीत व्यवसाय शिक्षणावर भर असतो व प्रौढांनाही प्रवेश मिळतो. ल्यूटन येथे १९६६ मध्ये पहिले सिक्स्थ फॉर्म कॉलेज निघाले. दोन्ही प्रकार एकत्र करणारे टर्शरी कॉलेज १९७० मध्ये एक्सेटर येथे स्थापन झाले. सिक्स्थ फॉर्म कॉलेजांना शाळांचे नियम व फर्दर एज्युकेशन कॉलेजांना वेगळे नियम लागू होते. १९९२ च्या कायद्यान्वये १९९३ पासून दोन्ही स्थानिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या नियंत्रणातून बाहेर पडून एकाच अर्थसाहाय्य यंत्रणेखाली आली. महाराष्ट्रात मात्र या टप्प्याच्या सामान्य व व्यवसाय या दोन अंगांना एका छताखाली आणणारी संस्था सार्वत्रिक झाली नाही.

अलीकडील घडामोडी : वैद्यक व अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीच्या गुणांऐवजी स्वतंत्र प्रवेश परीक्षा आल्यापासून विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांचे स्वरूप पालटले. खाजगी शिकवणीवर्गांचे महत्त्व वाढले व पुष्कळ ठिकाणी विद्यार्थ्याचे नाव महाविद्यालयाच्या हजेरीपटावर आणि अभ्यास शिकवणीवर्गात, अशी स्थिती आली. शुल्क न परवडणाऱ्या दुष्काळी व डोंगरी भागातील विद्यार्थ्यास याची झळ अधिक बसते. दुसऱ्या बाजूस दोन वर्षांचे कारागीर प्रशिक्षण घेतलेल्यांना पदविकेच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश देण्याची सोय झाल्याने व्यवसाय शिक्षणातील वाट आता पूर्वीइतकी बंद राहिलेली नाही. २०२१ मध्ये रयत शिक्षण संस्थेच्या साताऱ्यातील महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ अस्तित्वात आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा एकसंध माध्यमिक टप्पा मानला असून अकरावी-बारावीस पुन्हा शालेय शिक्षणाशी जोडले आहे. २०२५-२६ पासून अकरावीचे केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेश संपूर्ण राज्यात लागू झाले. त्यामुळे महाविद्यालय व शाळा एकाच यादीत आल्या.

मूल्यमापन : दोन्ही जिल्ह्यांनी उच्च माध्यमिक शिक्षणाचा प्रसार मोठ्या प्रमाणावर साधला. साताऱ्याकडे वसतिगृहे व ग्रामीण शाळांचे जाळे ही जमेची बाजू होती, तर सांगलीकडे महाविद्यालय, तंत्रशिक्षण व उद्योग यांचे सान्निध्य होते. या दोहोंच्या संयोगातून सामान्य व व्यवसाय शिक्षणाचा मेळ घालणारी संस्था याच प्रदेशात उभी राहणे शक्य होते. तसे न होण्यास स्थानिक कर्तृत्वाचा अभाव कारणीभूत नसून अनुदान, परीक्षा व प्रशासन यांची विभागलेली चौकट कारणीभूत आहे, असे दिसते. अकरावी-बारावीचे वर्ग महाविद्यालयातून शाळेत नेल्याने ही चौकट आपोआप बदलणार नाही. शहरातील महाविद्यालयाची प्रयोगशाळा, गावातील शाळेची आपुलकी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची कार्यशाळा या तिन्ही गोष्टी माण वा जत तालुक्यातील एकाच विद्यार्थ्याच्या आवाक्यात कितपत येतात, यावर या नव्या रचनेचे यश अवलंबून राहील.